वर्गात दहा मुले असली तर

सोमवारी पहिल्या तासाला मी दुसरीच्या वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने आपापल्या घरच्या बोलीत ‘पंचवीस’ मोठ्याने म्हणायचे आणि मग पाटीवर आकड्यांत लिहायचे. ‘इरवै ऐदु’ म्हणणाऱ्या तेलुगू मुलांनी न अडखळता आधी दोन आणि मग पाच लिहिले. ‘पच्चीस’ म्हणणारी दख्खनी आणि मारवाडी मुले थोडी घुटमळली, शेजारच्या पाटीत डोकावली, पण जमवून गेली. आमच्या वर्गातल्या एका मराठी मुलाने मात्र ५२ लिहिले आणि पाटी सगळ्यांत उंच धरली. मी त्याला विचारले, असे का लिहिलेस? तो म्हणाला, “टीचर, आजी आधी पाच म्हणते, मग वीस म्हणते.”

त्याचे बरोबर होते. मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येते. तेलुगूत वीस-पाच अशीच बोलण्याची रीत आहे, त्यामुळे ऐकलेले आणि लिहिलेले एकाच क्रमाने जुळते. इंग्रजीतही वीसच्या पुढे तसेच. आजीने घरी प्रेमाने शिकवलेले आकडे त्या मुलाने जसे ऐकले तसे मांडले होते. मी काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधले, पाच काड्या सुट्या ठेवल्या आणि त्याला मराठीत विचारले, “गठ्ठे किती? सुट्या किती?” दोन मिनिटांत गाडे रुळावर आले. पुढचे आठ-दहा आकडे त्याने बरोबर लिहिले. लिहिताना तो आकडा पुटपुटत होता, थांबत होता, गठ्ठ्यांकडे बघत होता आणि मग लिहीत होता.

हे सविस्तर सांगते आहे, कारण मला जे म्हणायचे आहे ते सगळे या पाटीत आहे. वर्गातल्या शिक्षकाला मराठी येत नसते तर त्या पाटीवर लाल फुली पडली असती. पुन्हा तसेच झाले असते, तिसऱ्यांदा झाले असते, आणि वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकात ‘गणितात कच्चा’ असा शेरा आला असता. मातृभाषेतून शिक्षण हा विषय निघाला की आपण अस्मितेचे, संस्कृतीचे बोलू लागतो. वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ फार साधा दिसतो. मूल का चुकले हे शिक्षकाला कळले पाहिजे. ते मुलाच्या भाषेतूनच कळते.

मातृभाषा म्हणजे सगळे सोपे, असेही नाही, हे याच उदाहरणात दिसते. आकड्यांच्या बाबतीत मराठी मुलांना तेलुगू मुलांपेक्षा जास्त अडचण येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत जुन्या नावांसोबत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढी टर उडवली गेली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे समजावून सांगत होत्या की मुले जोडाक्षरी संख्यानामांत अडखळतात, एकक-दशकांची उलटापालट करतात. मला त्यांचे म्हणणे तेव्हाही पटले होते. टर उडवणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या मुलांना पंचवीस लिहिताना पाहिले होते?

आमची शाळा हैदराबादच्या सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत आहे. कागदोपत्री माध्यम इंग्रजी. वर्गात तीसेक मुले. कोणाच्या वडिलांचे साड्यांचे दुकान, कोणाची आई शिवणकाम करणारी, कोणी कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचे नातवंड. तेलुगू, दख्खनी, मारवाडी, मराठी आणि एका घरी कन्नडही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा गोंधळ वाटेल. इथल्या मुलांना तो वाटत नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की एकच मूल तीन भाषांत भांडते आणि चौथीत समेट करते. इथल्या दख्खनीतला ‘नक्को’ आपल्याच ‘नको’वरून आलेला आहे, त्यामुळे मराठी मुलाला निदान नाही म्हणायला तरी अडत नाही.

मंगळवारी आम्ही बांगड्यांचे गणित केले. बांगड्यांच्या दुकानदाराची मुलगी वर्गात आहे. तिने दुकानातून निरनिराळ्या मापांच्या बांगड्या आणल्या आणि ‘दो-चार, दो-छे, दो-आठ’ अशी मापे धडाधडा सांगितली. त्याचा अर्थ काय, हे तिलाही माहीत नव्हते. पट्टी लावून आम्ही शोधले. दोन-चार म्हणजे आतून दोन इंच आणि वर एका इंचाच्या सोळा भागांपैकी चार भाग. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. अपूर्णांक दुसरीच्या अभ्यासक्रमात नाहीत, पण त्या दिवशी कोणी ते विचारले नाही. अर्धा आणि पाव ही मापे मुलांच्या हातात आली. सोळा भागांवरून मी त्यांना जुन्या रुपयाचे सोळा आणे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी तीन घरांतून आज्या-आजोबांनी जपून ठेवलेली जुनी नाणी आली.

बुधवार लिपीचा. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली. मी या कायद्याच्या बाजूने आहे. ज्या गावात राहायचे, त्या गावची भाषा मुलाला वाचता-लिहिता आलीच पाहिजे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आमच्या मुलांना पहिलीपासून रोमन आणि तेलुगू या दोन लिप्या लिहाव्या लागतात, पुढे हिंदीसाठी देवनागरी येते आणि काहींना घरी उर्दूही असते. मराठी मुलाला या सगळ्यात त्याच्या घरची भाषा कागदावर कधी दिसतच नाही. म्हणून बुधवारी मी फळ्यावर अ, आ, इ, ई देवनागरीत काढले आणि तेलुगू शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी शेजारी तीच अक्षरे तेलुगूत काढली. दोन्हींचा क्रम एकच. क, ख, ग, घ एकाच रांगेत. ‘ळ’ दोन्हीकडे. मग तेलुगू मुलांनी आम्हाला ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांतला फरक ऐकवला. तो आपल्या लिपीत दाखवता येत नाही आणि माझ्या मराठी कानाला तो पकडायला वेळ लागला. मुलांना लगेच ऐकू आला. सात वर्षांच्या मुलाचे कान असेच असतात.

पण लिहिणारा हात वेगळा. तो दमतो. एक लिपी पक्की बसेपर्यंत दुसरी आणि तिसरी लादली की तिन्ही कच्च्या राहतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला आणि विरोध झाल्यावर जूनच्या अखेरीस तो मागे घेतला. त्या वादात महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी मला विचारले, तुमच्याकडे तर चार-चार भाषा आहेत, मग आमच्या मुलांना तीन का जड जाव्यात? माझे उत्तर असे आहे. कानाला चार भाषा खुशाल द्या, गाणी द्या, गोष्टी द्या, खेळ द्या. हाताला आणि डोळ्याला मात्र पहिली दोन वर्षे एकच लिपी द्या, आणि ती अशा भाषेची असू द्या जी मूल घरी बोलते. मूल वाचायला एकदाच शिकते. पुढच्या लिप्या त्या पहिल्या वाचनाच्या आधारावर येतात. तो निर्णय मागे घेतला हे योग्यच झाले. फक्त विरोध करताना काहींनी हिंदी बोलणाऱ्या मुलांवर जो राग काढला, तो मला अजिबात मान्य नाही.

वाचनाची अवस्था आधीच नाजूक आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. हे आधीच्या पाहणीपेक्षा बरे होते, तरी चारांतली तीन मुले मागेच होती. तिसरीनंतर शाळा वाचायला शिकवत नाही, वाचून शिकायला सांगते. जे मूल तिथे मागे राहिले, ते पुढे विज्ञानातही मागे राहते आणि इतिहासातही.

गुरुवारी आम्ही वर्गाबाहेर पडलो. बडी चावडीवरून सुलतान बाजाराच्या रस्त्याने, मेट्रोच्या खांबांखालून. इथून मेट्रो नेण्याला व्यापाऱ्यांनी पुष्कळ विरोध केला होता. २०२० च्या फेब्रुवारीत इथले स्थानक सुरू झाले आणि आज मुलांना हा रस्ता खांबांशिवाय कल्पनेतही दिसत नाही. मुलांचे काम एवढेच की ज्याला जी पाटी वाचता येईल त्याने ती इतरांना वाचून दाखवायची. एका दुकानावर तीन लिप्या असतील तर तिघांनी मिळून वाचायची. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयमसमोर आम्ही थांबलो. १९०१ साली स्थापन झालेले हे तेलुगू ग्रंथालय. तेलुगू बाईंनी त्याचे नाव वाचून दाखवले आणि निजामाच्या राज्यात तेलुगू वाचनाची सोय लोकांनी स्वतः कशी उभी केली ते सांगितले.

मग जांबागकडे वळलो. तिथे विवेकवर्धिनी. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली ही शिक्षणसंस्था. केशवराव वकील होते, परभणीकडून आलेले, इथल्या सुलतान बाजारच्या आर्य समाजाचेही पुढारी. राज्याची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून थेट पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. पण राज्यातल्या बहुसंख्य मुलांच्या घरी ती भाषा नव्हती. अशा काळात मराठी मुलांसाठी शाळा काढणे म्हणजे पदरमोड, परवानग्यांची कटकट आणि सरकारी नजर. आपल्या माणसांनी ते केले. त्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात घडलेली दुसरी गोष्टही मराठी माणसाने माहीत करून घ्यायला हवी. नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्यातली सामाजिक सुधारणा परिषद तिथे भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे झाली. आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभेतल्या मराठी मंडळींनी हुर्यो उडवून त्यांना बोलू दिले नाही. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी तिथून उठून आंध्र जनसंघाचा पाया घातला. पुढे तेलंगणातल्या भाषिक जागृतीचा मोठा प्रवाह त्यातून वाहिला. ज्या लोकांनी आपल्या भाषेसाठी एवढे सोसले, त्यांनाच शेजाऱ्याची भाषा ऐकवेना. हा आपल्यावरचा डाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

या गोष्टीला एक उजळ उत्तरार्ध आहे. त्या चळवळीतले माडपाटी हनुमंतराव यांनी १९२८ मध्ये नारायणगुड्यात मुलींची तेलुगू शाळा काढली. राज्यात तेलुगू माध्यमाच्या माध्यमिक शाळेला मान्यता मिळेना, तेव्हा ती शाळा पुण्याच्या कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला जोडली गेली. ज्यांच्या अध्यक्षतेखाली तेलुगूची हेटाळणी झाली, त्यांच्याच विद्यापीठाने तेलुगू मुलींना परीक्षेचे दार उघडले. दुसरीच्या मुलांना मी एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की पूर्वी इथे एका काकांना त्यांच्या भाषेत बोलू दिले नाही. वर्गातली तेलुगू मुलगी लगेच म्हणाली, “मग मी बोलते,” आणि जांबागच्या फूटपाथवर उभी राहून तिने शाळेत पाठ केलेला एक तेलुगू श्लोक म्हटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी काही सांगण्यासारखे नव्हते. वह्या तपासल्या, नोंदी भरल्या, पालकांना निरोप लिहिले. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा धरला आहे. प्रत्यक्षात तयारीचा वेळ नोंदी खातात. बांगड्या आणि काड्यांचे गठ्ठे यांची जुळवाजुळव रात्री घरी होते. ज्यांना वर्गात काही वेगळे घडावे असे वाटते, त्यांनी आधी शिक्षकाच्या टेबलावरचे कागद कमी करावेत.

शनिवारी आजी-आजोबांना बोलावले होते. सोमवारी ५२ लिहिणाऱ्या मुलाची आजीही आली. मूळची नांदेडकडची. तिने मराठीत गोष्ट सांगितली, वर्गातल्या बहुतेकांना शब्द कळत नव्हते, तरी हातवारे आणि आवाजावरून पोरे हसत होती. नातू मध्ये-मध्ये दख्खनीत भाषांतर करत होता. आठवडाभर ज्याच्याकडे वर्गाचे फारसे लक्ष नव्हते, तो त्या अर्ध्या तासात सगळ्यांना हवाहवासा झाला. गोष्ट संपल्यावर त्याच्या आईने मला बाजूला घेतले. आधीच्या एका शाळेने तिला बजावले होते की घरी मराठी बोलू नका, नाहीतर इंग्रजी येणार नाही. म्हणून आई-वडील त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होते आणि मराठी फक्त आजीच्या खोलीत उरली होती.

हा सल्ला घातक आहे. ज्या आईला स्वतःला इंग्रजीत हसता-रागावता येत नाही, तिने मुलाशी तुटपुंजे इंग्रजी बोलायचे म्हणजे मुलाच्या वाट्याला येणारे बोलणेच कमी करायचे. मुलाला भरपूर, सलग, समजणारे बोलणे हवे. ‘हे असे का?’ या प्रश्नाला आईने दहा वाक्यांत उत्तर द्यायला हवे, आणि ती दहा वाक्ये तिला तिच्याच भाषेत येतात. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी असे सांगितले होते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचे माध्यम सुचवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर बोर्डी-कोसबाडला वारली मुलांच्या अंगणात, त्यांच्या गुरांमागे कुरणापर्यंत शाळा नेली होती. मुलाजवळ जाण्याचा त्यांचा तो मार्ग होता. शहरातल्या मुलाजवळ जाण्यासाठी तेवढे चालावेही लागत नाही.

आता मुद्द्याचे. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असे ते सांगते. त्याआधी १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मापही ठरवून दिले होते. एका वर्गात त्या भाषेची दहा मुले किंवा सगळ्या शाळेत चाळीस मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. फक्त दहा! हैदराबादेत काचीगुडा, गवळीगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार मिळून दहा मराठी मुले सापडणार नाहीत, असे कोणी म्हणेल का? ती मुले आहेत. ती वेगवेगळ्या इंग्रजी शाळांत एकेकटी बसलेली आहेत, आणि त्यांच्या पालकांनी एकत्र येऊन कधी काही मागितलेलेच नाही. खासगी विनाअनुदानित शाळेला हे कलम बांधून घेत नाही, हे खरे. पण शाळेच्या व्यवस्थापनाला आठवड्यातून तीन तास मराठी वाचनाला द्या, एवढे दहा पालक एकदम सांगायला गेले, तर फी घेणारी कोणतीही शाळा ते ऐकून घेते. सरकारी आणि अनुदानित शाळेत तर मागणी लेखी करावी, पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जावे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा इथेही पेढे वाटले गेले. मला आनंद झाला, पण तो दर्जा दुसरीच्या वर्गात अजून आलेला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही मला काही मागायचे आहे. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, त्यात तेलुगू आहे, कन्नड आहे, तमिळ आहे, उर्दू आहे. ही आपल्या राज्याची फार मोठी गोष्ट आहे आणि ती टिकवायला हवी. सोलापुरात विणकरांच्या घरांतली तेलुगू मुले आहेत, नांदेड-देगलूरच्या सीमेवर आहेत, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर आहेत. माझ्या वर्गातल्या मराठी मुलाचा जो हक्क मी इथे मागते आहे, तोच त्या मुलांचा तुमच्याकडे आहे. तुमच्या शाळेत एखादे तेलुगू मूल असेल तर त्याला एकदा त्याच्या भाषेत पंचवीस म्हणायला सांगा आणि वर्गाला ऐकू द्या.

हैदराबादेतल्या मराठी पालकांनो, जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपल्या गल्लीतली, आपल्या मंडळातली, गणपतीच्या वर्गणीच्या यादीतली घरे मोजा. पहिली-दुसरीत जाणारी दहा मुले भरली की अर्ज लिहा. अर्ज लिहायला मदत लागली तर मी आणि माझ्यासारखे इथले मराठी शिक्षक शनिवारी दुपारी मोकळे असतो.